छोट्या पुड्यावरची शेवटची ओळ

दुर्बीणबाईंना आता रस्ता कोण ओलांडून देत असेल?

गेले बावीस दिवस हा प्रश्न तिच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. काळजी करणं तिला नवीन नव्हतं. लेक कॉलेजातून दहा मिनिटं उशिरा आली तरी ती खिडकीशी जाऊन उभी राहायची, आणि लेक शिंकली की थर्मामीटर शोधायला लागायची. ‘‘आई, तू काळज्यांचाच कारखाना काढ ना,’’ लेक म्हणायची, ‘‘बिस्किटांच्या कारखान्यात कशाला राबतेस?’’ पण त्या सगळ्या काळज्या बाहेरून आलेल्या असायच्या. त्यांत तिचा स्वतःचा काही दोष नसायचा. ही काळजी मात्र तिची स्वतःची करणी होती, आणि म्हणूनच ती कुणापाशी बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

दुर्बीणबाई चोवीस वर्षं पॅकिंगच्या टेबलावर होत्या. त्या आल्या तेव्हा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, एक भट्टी आणि दोन लाकडी टेबलं. त्यांचा नवरा कारखान्याचा टेम्पो चालवायचा. एका पहाटे टेम्पो वळणावर उलटला आणि त्यानंतर पंधराव्या दिवशी बाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. ‘‘घरी रडायला वेळ नव्हता, आणि इथे रडलं तर बिस्किटं सादळतात,’’ एवढंच त्या म्हणायच्या, तेही विषय निघालाच तर.

वेष्टण तिरकं बसलेला पुडा त्यांना टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. ‘‘ए, त्या खोक्यातला कडेचा पुडा काढ! टोपी वाकडी घालून चाललाय लग्नाला.’’ पोरी खोकं उघडून बघायच्या, तर खरंच. म्हणून त्या दुर्बीणबाई. खरं नाव पगाराच्या यादीत असेल, ते कुणाला आठवायचं नाही.

त्यांची शाळा तिसरीत सुटली होती. पुढचं वाचन त्या पुड्यांवर शिकल्या. नवी मुलगी टेबलावर आली, की तिच्यासमोर हात मागे बांधून उभ्या राहायच्या आणि अख्खं लेबल कवितेसारखं म्हणून दाखवायच्या. मैदा, साखर, खाद्यतेल, ओट्स, मीठ. मग तक्ता. इतकी ऊर्जा, इतकी प्रथिनं, इतकी साखर. आणि शेवटची ओळ खणखणीत आवाजात: ‘‘शेंगदाण्याचा अंश असू शकतो!’’ त्याला त्यांची स्वतःची पुरवणी असायची, ‘‘ज्याला सोसत नाही त्याने लांब राहावं, आमच्या नावाने बोंब मारू नये!’’

ती कारखान्यात आली आठ वर्षांपूर्वी. अन्नशास्त्रातली पदवी, पांढरा कोट, काचेचं दार असलेली तपासणीची खोली. बिस्किटांचा ओलावा मोजायचा, वजन बघायचं, लेबलावरचे आकडे काढायचे, हे तिचं काम. टेबलावरच्या बायका तिला मॅडम म्हणत. तिच्या कपाटात एक जाड नमुना वही असायची. नवं लेबल आलं की त्याचा पहिला पुडा रिकामा करून, वेष्टण सपाट करून वहीत चिकटवायचं, खाली तिने सही करायची. ती सही झाल्याशिवाय टेबल सुरू करायचं नाही, असा कारखान्याचा रिवाज होता.

काही महिन्यांपूर्वी एका दुपारी दुर्बीणबाई काचेचं दार ढकलून आत आल्या. हातात एक चिठ्ठी.

‘‘मॅडम, एवढं वाचून सांगा. डॉक्टरने कोंबडी नाचवलीय कागदावर.’’

तिने वाचलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलेला.

‘‘ऑपरेशन करून घ्या. आता काय, अर्ध्या तासाचं काम असतं.’’

‘‘करणार. कारखाना पंधरा दिवस बंद असतो ना, तेव्हा करणार. पण तोवर कुणाला बोलू नका हं. दुर्बीण फुटली म्हणून पोरी टाळ्या पिटतील. आणि सून तर मला खुर्चीतून उठू द्यायची नाही.’’

‘‘माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही,’’ ती म्हणाली. तेव्हा ते तिने मनापासूनच म्हटलं होतं.

त्यानंतर ती त्यांच्याकडे बारकाईने बघायला लागली, आणि संध्याकाळी कारखान्यासमोरचा रस्ता त्यांच्या सोबतीने ओलांडायला लागली. बाई आता बोटांनी बघत होत्या. पुडा हातात आला की अंगठा शिवणीवरून फिरायचा, तर्जनी कोपरे चाचपायची. डोळ्यांनी बघणाऱ्या पोरींपेक्षा त्यांचे पुडे अजूनही सरळ होते. शंका आलीच तर त्या पुडा डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेत, इतका की नाकाला लागावा. पोरी म्हणायच्या, ‘‘बाई, वास घेता की मुका?’’ बाई म्हणायच्या, ‘‘तुझ्यापेक्षा गोड आहे, मुकाच घेते.’’

मग लेबलांचा नवा नियम आला.

तोपर्यंत पुड्यावरचा तक्ता ‘तीन बिस्किटांमागे’ असायचा. आकडे तिनेच काढलेले. तीन बिस्किटांत साखर किती, तर चिमूटभर. जगात कुणीही पुडा फोडून तीन बिस्किटांवर थांबत नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि ते तीन कुणी आणि का ठरवले हेही ठाऊक होतं. आकडा खोटा नव्हता. त्याला फक्त अंग चोरून उभं केलं होतं. नव्या नियमाने सांगितलं, शंभर ग्रॅमला किती ते लिहा, अख्ख्या पुड्यात किती ते लिहा, वरून घातलेली साखर वेगळी दाखवा, आणि अक्षर मोठं करा.

गोदामात जुनी वेष्टणं छतापर्यंत रचलेली होती. ती संपेपर्यंत जुन्या तक्त्यावर नव्या तक्त्याचा स्टिकर लावायची मुभा मिळाली. स्टिकरचं माप तिनेच काढलं. मोठा पुडा समोर ठेवला, पट्टी लावली, आकडे छापखान्याला कळवले.

स्टिकर आले त्या दिवशी टेबलावर हसून हसून मुरकुंडी वळली.

‘‘अगं बाई, एवढी साखर! आणि मी सासूला दुखणाईत म्हणून रोज चार देत होते!’’

‘‘मग टिकली ना सासू? आता सहा दे.’’

‘‘मॅडम, इतकी वर्षं ही साखर कुठे गेली होती हो?’’

सगळ्या हसल्या. तीही हसली, पण कानशिलं तापली होती. मोठ्या पुड्याचं वेष्टण तिने वहीत चिकटवलं आणि सही केली. छोटा पुडा त्या दिवशी चालू नव्हता. त्याचं पान तिने कोरं सोडलं. नंतर करू म्हणून.

छोटा पुडा चार दिवसांनी सुरू झाला. तिने वही काढली नाही. स्टिकर तोच, बिस्कीट तेच, वेगळं काय बघायचं, असं तिला वाटलं. साडेदहाच्या सुमाराला दुर्बीणबाई काचेच्या दाराशी आल्या. हातात छोटा पुडा.

‘‘मॅडम, शेंगदाणे कुठे गेले?’’

‘‘कुठले शेंगदाणे?’’

‘‘शेवटची ओळ हो. नवीन मुलीला म्हणून दाखवत होते. म्हटलं पुड्यावर बोट ठेवून दाखवू, तर बोट ठेवायला ओळच नाही. मोठ्या पुड्यावर स्टिकर संपला की बोटभर जागा राहते, तिथे ती आहे. ह्याच्यावर स्टिकर थेट तळाच्या शिवणीला जाऊन भिडलाय. वर सरकवला तर वजन झाकतंय.’’

तिने पुडा घेतला. बाई म्हणत होत्या ते शंभर टक्के खरं होतं. स्टिकर मोठ्या पुड्याच्या मापाचा होता आणि छोट्या पुड्यावर तेवढी जागाच नव्हती. ही मोजायची गोष्ट होती आणि तिने मोजली नव्हती.

बाहेर गाडी उभी होती. मॅनेजर साहेब घड्याळ बघत भट्टीशी येरझाऱ्या घालत होते. नवा स्टिकर छापून यायला आठ दिवस लागले असते, आणि का लागणार हे साहेबांना सांगावं लागलं असतं.

‘‘सध्या लावा,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या खेपेला बघू.’’

‘‘बघू म्हणजे? ओळ कशाला असते मग?’’

‘‘बाई, हे मी शिकलेय ना?’’

दुर्बीणबाईंनी तिच्या हातातला पुडा काढून घेतला. मग म्हणाल्या, ‘‘ते खरंय. शिकलायत खऱ्या.’’ आणि पुडा घेऊन टेबलावर परत गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात एका दुकानदाराचा फोन आला. छोट्या पुड्यातली दोन बिस्किटं खाऊन एका मुलाचे ओठ सुजले होते, श्वास कोंडला होता. आईने घेताना पुडा उलटसुलट करून वाचला होता. शेंगदाण्याचं नाव कुठे नव्हतं. मुलगा दोन दिवस दवाखान्यात राहून सुखरूप घरी गेला. कारखान्याने छोटे पुडे सगळ्या दुकानांतून परत मागवले. गोदामात खोक्यांवर खोकी येऊन पडली. आणि साहेबांनी तिला आणि दुर्बीणबाईंना खोलीत बोलावलं.

‘‘हा स्टिकर इतका खाली कसा लागला?’’ साहेबांनी पुडा टेबलावर आपटला.

तेव्हा ती एक वाक्य बोलू शकली असती. ‘माप माझं चुकलं.’ एवढंच. ते ओठांपर्यंत आलंही होतं. पण त्याच वेळी तिला दवाखान्यातला तो मुलगा दिसला, मग आपली लेक दिसली, पांढरा कोट काढून घरी बसलेली ती स्वतः दिसली, आणि ती बोलली ते भलतंच.

‘‘वर लावायला हवा होता. टेबलावर चूक झालीय. बाईंना... हल्ली नीट दिसत नाही, साहेब. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.’’

साहेबांनी दुर्बीणबाईंकडे पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. ‘‘त्यावर काय लिहिलंय, वाचा बरं.’’

बाईंनी कॅलेंडरकडे पाहिलंच नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. ओळखीचं माणूस गर्दीत सापडत नाहीये, अशी ती नजर होती.

‘‘दिसत नाही हे खरं आहे, साहेब,’’ त्या म्हणाल्या.

बस्स, तेवढंच. कोऱ्या पानाचं नाव नाही, त्या सकाळच्या साडेदहाचं नाव नाही. साहेबांनी वही मागितली नाही. गुन्हेगार हाती लागल्यावर पुरावा कोण मागतो? ‘‘उद्यापासून घरी आराम करा,’’ म्हणाले. चोवीस वर्षांचा निकाल चहा गार व्हायच्या आत लागला.

बाविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, ती फळांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेली. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर अरुंद जिना, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार सुनेने उघडलं.

‘‘कारखान्यातून आलात? या ना. सासूबाई, कोण आलंय बघा!... म्हणजे, बघा म्हणजे,’’ सून ओशाळून हसली, ‘‘तुमच्या मॅडम आल्यात.’’

दुर्बीणबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. त्यांचे हात रिकामे तिने आठ वर्षांत कधी पाहिले नव्हते.

सून वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. तिने घडाघडा सगळं सांगून टाकलं. ‘‘बरं झालं कारखान्यात कळलं, मॅडम. आम्हाला पत्ताच नाही! कामावर जाताना आमच्या पोराला शाळेत सोडायला ह्याच जायच्या. एवढा मोठा रस्ता. काही झालं असतं म्हणजे? आता मी गॅसपाशी फिरकू देत नाही. सुरीसुद्धा वर ठेवते. हे तर इतके चिडले. म्हणाले, आई, तुझ्या हट्टापायी कुणाचं तरी लेकरू मरता मरता वाचलं. दोन दिवस बोललेच नाहीत आईशी.’’ मग आवाज खाली आणत, ‘‘आणि आमचा पोरगा, त्याला काय कळतं, परवा विचारतोय, आजी, तू त्या मुलाला काय केलंस?’’

सून चहा करायला आत गेली. खोलीत दोघीच उरल्या.

‘‘रस्ता तर मला येतो पार करायला,’’ दुर्बीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘गाड्या काय, कानाने कळतात.’’

‘‘तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?’’

‘‘काय बोलायचं? तुम्ही सांगितलंत दिसत नाही. ते खरंच होतं. खरं सांगणाऱ्याशी भांडायचं कसं, ते मला तिसरीपर्यंत शिकवलं नाही.’’

‘‘पण ती ओळ तुम्हीच तर पकडलीत. आम्हा डोळसांना दिसली नाही.’’

‘‘पकडली आणि सोडून दिली. तुम्ही म्हणालात लावा, मी जाऊन लावले. त्या दिवशी नऊशे पुडे झाले माझ्या हातचे. त्यातलाच एखादा गेला असेल त्या पोराकडे.’’ त्यांनी उजवा अंगठा डाव्या तळव्यावर दाबला. ‘‘ह्याच अंगठ्याने दाबून बसवलाय. ते काही तुमच्यावर ढकलत नाही मी.’’

‘‘माझं चुकलं. मला माफ करा, बाई.’’

दुर्बीणबाई हसल्या. चांगलंच हसल्या, टेबलावर हसायच्या तशा.

‘‘केवढं सोपं काम घेऊन आलीस ग, पोरी! इथे दार लोटून तू म्हणायचं माफ करा. मी म्हणायचं, असू दे, चहा घे. तू मोकळी होऊन जिना उतरणार. आणि मी ह्याच खुर्चीत. माफी मी तुला तेव्हाच केली असती. पण माझ्या नातवाला कोण सांगणार?’’

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. ‘‘काय सांगायचंय नातवाला?’’

सांगायची वेळ हीच होती. कप तिच्या हातात आला. सून समोर उभी होती, दुर्बीणबाई खिडकीकडे तोंड करून वाट बघत होत्या, आणि तिने चहाचा एक घोट घेतला. ‘‘अभ्यास कर म्हणावं,’’ ती म्हणाली. दुर्बीणबाईंनी मान डोलावली, जणू त्यांना याहून जास्त अपेक्षाच नव्हती. निघताना सुनेने आग्रहाने आपला नंबर दिला. ‘‘येत जा, मॅडम. तुमच्याशी बोलून सासूबाईंचं मन रमलं.’’

ती जिना उतरली. एकदा चुकलं त्याला घाई म्हणता येत होतं. दुसऱ्यांदा, साहेबांपुढे, त्याला भीती म्हणता येत होतं. आज काय म्हणायचं? आज तर समोर साहेबही नव्हते. चहाचा कप पुढे करणारी एक साधी बाई होती.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, ‘‘कुठे गेली होतीस? फोन पण नेला नाहीस. मी काळजी करायची का आता?’’

तिने चप्पल काढली आणि तिथेच, दाराजवळच्या स्टुलावर बसून सगळं सांगितलं. माप, कोरं पान, साडेदहाची वेळ, मोतीबिंदूची चिठ्ठी, आजचा चहा. काहीही गाळलं नाही. सांगताना लेकीच्या तोंडाकडे बघायची छाती झाली नाही, म्हणून ती पायपुसण्याकडे बघत बोलत राहिली.

‘‘तू असं केलंस?’’ लेक म्हणाली. ‘‘तू?’’

तिने काढलेली चप्पल जोडून ठेवली.

‘‘म्हणजे मी शाळेत शेजारणीची वही बघून लिहिलं होतं, तेव्हा तू मला बाईंकडे घेऊन गेली होतीस. माझा हात धरून.’’

‘‘हो.’’

‘‘साहेबांना सांगितलंस तर तुला काढतील?’’

‘‘बहुतेक. मुलाच्या घरचेही विचारतील. विचारायलाच हवं त्यांनी.’’

‘‘आणि त्यांना परत घेतील?’’

‘‘माहीत नाही ग. डोळे झाल्यावर घेतीलही. नाहीही घेणार.’’

लेकीने आईला पाणी आणून दिलं, पण नेहमीसारखी जवळ बसली नाही. समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली. त्या दोन हात अंतराने तिला जे सांगितलं, ते बावीस दिवसांच्या तगमगीने सांगितलं नव्हतं. दुर्बीणबाईंच्या घरी हे अंतर रोज आहे. तिथे नातू असा भिंतीला टेकून आजीकडे बघत असेल.

ती पाणी प्यायली आणि मनाशी हिशेब लावू लागली. साहेबांना उद्या सकाळी समोर उभं राहून सांगायचं, फोनवर नाही. तोंड न दाखवता सांगणं म्हणजे पुन्हा पळवाटच. वही सोबत न्यायची, कोरं पान उघडून ठेवायचं. मुलाच्या आईचा पत्ता दुकानदाराकडे मिळेल, तिच्याकडेही जायचं. पण हे सगळं उद्याचं. आज रविवार होता. सकाळी घरात नसलेले मुलगा आणि नातू आता परतले असणार, थोड्या वेळाने जेवायला सगळे एकत्र बसणार, आणि दुर्बीणबाईंच्या ताटात कुणीतरी आंधळ्याला वाढावं तसं वाढणार. परत तिथवर पोचेपर्यंत ती पंगत उठलेली असणार.

तिने पर्समधून सुनेच्या नंबराचा कागद काढला.

‘‘कुणाला करतेस? साहेबांना?’’ लेकीने विचारलं.

‘‘नाही. त्यांच्या घरी. सुनेला सांगते, फोन मोठ्याने लाव आणि मधे ठेव. मुलगा, नातू, सगळ्यांनी ऐकायचं. बाईंनी पण.’’

‘‘आणि परत ‘अभ्यास कर म्हणावं’ म्हणालीस तर?’’

टोमणा बरोबर जागी बसला. तिने तो निमूट घेतला.

‘‘म्हणून तू इथे उभी राहा,’’ ती म्हणाली. ‘‘ऐक. मी कुठे अडखळले तर जाऊ नकोस.’’

लेक भिंतीपासून हलली नाही, पण गेलीही नाही. तिने घरी राहिलेला आपला फोन उचलला, स्टुलावर बसून कागद गुडघ्यावर सरळ केला, एकेक आकडा बोटाने दाबला आणि फोन कानाला लावला.